लिव्हर रायफलीवर रेल, सप्रेसर आणि प्लास्टिकचा दस्ता: हवं की नको?

कार्बाइन९४ (पेनसिल्वेनिया)

बंदुकीच्या दुकानातला लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींचा रॅक पूर्वी दुरूनही ओळखू यायचा. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळं पोलाद, नळीखाली दुसरी बारीक नळी. आता तो रॅक अर्धा काळाकुट्ट झालाय. मार्लिनची ‘डार्क’ मालिका, हेन्रीची ‘मॉडेल एक्स’, स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये आणलेली १८५४. दस्ता सिंथेटिक, पुढच्या धरणीला एम-लॉकच्या खाचा (दिवा, पट्टा वगैरे अडकवायला), माथ्यावर पिकाटिनी रेल, म्हणजे नेम बसवायची खाचांची पट्टी, नळीच्या तोंडाला सप्रेसरसाठी, म्हणजे बाराचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्यासाठी, आटे. बाँड आर्म्सने तर एआर-१५ या सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलीचा वरचा अर्धा भाग लिव्हरवर आणून बसवलाय, आणि हेन्रीच्या नव्या ‘सुप्रीम’ला एआरचं मॅगझीन लागतं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चापाभोवतीच्या कडीलाच लिव्हर असतो. तो खाली-पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, मागे ओढला की नवं आत जातं. काडतुसं नळीखालच्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. १८६० ची हेन्री, १८७३ ची विंचेस्टर आणि मग जॉन ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टर १८९४. या शेवटच्या एकाच मॉडेलच्या सत्तर लाखांवर रायफली निघाल्या. आमच्याकडच्या दाट जंगलात पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हटलं की हीच रायफल आणि .३०-३० चं काडतूस, असं कित्येक पिढ्या चाललं.

आता माझं म्हणणं. दिसण्याबद्दल मी भांडत नाही, काळा रंग ज्याला आवडतो त्याला लखलाभ. प्रश्न हाताचा आहे. वीस इंची नळीची ९४ कार्बाइन, म्हणजे त्याच १८९४ चं आखूड रूप, पावणेसात पौंडांच्या आसपास भरते. तिचा रिसिव्हर, म्हणजे यंत्रणेचा मधला पोलादी सांगाडा, चपटा असतो, खाली मॅगझीनचा डबा नाही, बाजूला बोल्टची मूठ नाही. तोल बरोबर लिव्हरच्या पुढे येतो. तिथे एका हाताची पकड घातली की दिवसभर डोंगर चढा-उतरा, दुसरा हात फांद्या बाजूला करायला मोकळा. शिकारीतला नव्वद टक्के वेळ रायफल वाहून नेण्यातच जातो, झाडण्यात नाही. माथ्यावर स्कोप, म्हणजे दुर्बिणीचा नेम, बसला की ती पकडच संपते. पुढे रेलवर दिवा आणि तोंडाला सप्रेसर लावला की सगळं वजन नाकाकडे. मग पट्टा लावून खांद्यावर टाकायची, आणि ओढ्यापलीकडे हरीण उभं राहिलं की पट्टा काढत बसायचं.

स्कोपचा आणखी एक त्रास आहे. घोडा उघडा असतो, तो अंगठ्याने मागे ओढायचा आणि बार टाकायचा नसेल तर अंगठ्यानेच सावकाश उतरवायचा. वर स्कोप आला की अंगठ्याला जागा उरत नाही, म्हणून घोड्याला आडवी खुंटी लावतात. थंडीत जाड हातमोजा, खाली जिवंत काडतूस आणि त्या आडव्या खुंटीवरून घोडा उतरवायचा. मला हे कधीच सुरक्षित वाटलं नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: रिसिव्हरभोवतीच्या पकडीला आणि तोलाला जे धक्का लावतं ते नको, बाकी काय वाटेल ते करा. बोला.

वहिनी_कोलंबस

बोलते. अजिबात पटलं नाही.

तुमची कसोटी चालणाऱ्या शिकाऱ्याची आहे. आमच्या ओहायोत मक्याची कापलेली शेतं, मध्ये झाडीचे पट्टे, आणि शिकार बहुतेक झाडावरच्या माचणावर बसून. मी सकाळी वीस मिनिटं चालते आणि चार तास बसते. रायफल मांडीवर असते. मला तोल काय करायचाय?

मला काय लागतं ते सांगते. पहिलं, डोळे. चाळिशी लागली की जुन्या ‘बकहॉर्न’ नेमाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मागची खाच धूसर, पुढची माशी त्यातल्या त्यात बरी, आणि तिसरं जे दिसायला हवं ते हरीण. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं डोळ्याला शक्यच नाही. त्यात हरणं हलतात कधी? पहाटे आणि तिन्हीसांजेला. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास बार टाकायला कायद्याने परवानगी आहे. त्या अर्ध्या तासात काळी माशी तपकिरी हरणावर शोधून दाखवा. माझ्या .४५-७० च्या रायफलीवर छोटा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारा नेम, आहे, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम घेता येतो. जनावर जागच्या जागी पडावं, पोटात गोळी घेऊन शेजाऱ्याच्या रानात जाऊन रात्रभर तडफडू नये, याहून मोठी परंपरा माझ्या लेखी कुठली नाही.

दुसरं, कान. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो, आणि हरणाच्या रायफली त्याच्या बऱ्याच वर असतात. चांगला सप्रेसर वीस-तीस डेसिबल कमी करतो. शिकारीत कुणी कानात बोळे घालून बसत नाही, कारण पानांची सळसळ ऐकायची असते.

अवांतर: आमच्याकडे लिव्हर रायफल परत आली ती हौसेपायी नाहीच. ओहायोत पूर्वी हरणाला मुख्यतः शॉटगनच चालायची, सपाट मुलुख आणि दाट वस्ती म्हणून. २०१४ पासून सरळ भिंतीच्या (बाटलीसारखी मान नसलेल्या) काडतुसाच्या रायफलींना परवानगी मिळाली आणि .४५-७०, .४४ मॅग्नम, .३५७ ला एकदम भाव आला. रेमिंग्टनने २०२३ मध्ये .३६० बकहॅमर काढलं ते अशाच राज्यांसाठी, आणि तेही लिव्हर रायफलीसाठी. म्हणजे .४५-७० या १८७३ च्या लष्करी काडतुसाला नवं आयुष्य मिळालं ते आजच्या नियमामुळे. तेव्हा ‘आधुनिक नको’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या नियमाचे आभार मानावेत. गंमत म्हणजे नळीत काडतुसं कितीही मावोत, नियमाने तीनच भरायची.

जुना_बाजार

वहिनी, रेड डॉट समजलो. एम-लॉकच्या खाचा कशाला? हरणाला लेझर लावायचाय? नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखी दिसते ती रायफल.

वहिनी_कोलंबस

गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी नेसून बायका बुलेट चालवतात, कधी बघितलंत का? खाचांना मी बायपॉड लावत नाही, पट्ट्याची कडी लावते. लाकडात स्क्रू मारायला लागत नाही. झालं समाधान?

कार्बाइन९४

वहिनींच्या डोळ्यांच्या मुद्द्याला उत्तर आहे आणि ते आधुनिक नाही. भोकाचा नेम, म्हणजे पीप साइट. रिसिव्हरच्या मागच्या टोकाला छोटं कडं. डोळा आपोआप मध्यभाग शोधतो, मागची खाच स्पष्ट दिसायची गरजच संपते, लक्ष फक्त माशीवर. लायमन, विल्यम्स यांनी हे नेम कित्येक दशकं विकले. वजन नगण्य, पकड शाबूत. माझ्या कसोटीत सहज बसतं.

संधिप्रकाशात पीप कमी पडतं हे मान्य. मी तेवढ्या अंधारात बार टाकत नाही.

सप्रेसरबद्दल मात्र एक सांगा. .३०-३० ची गोळी आवाजाच्या दुपटीच्या आसपास वेगाने जाते. तिचा हवेतला कडाड काही सप्रेसरने जात नाही. मग पाऊण पौंडाचं, सात-आठ इंची नळकांडं टोकाला लटकवून मिळवलं काय?

टर्नर_मिलवॉकी

मिळवलं कान. गोळीचा कडाड तिच्या वाटेभर पसरतो, नळीतून सुटणाऱ्या वायूचा स्फोट तुमच्या कानापासून हातभर अंतरावर असतो. सप्रेसर दुसऱ्यावर काम करतो, आणि तोच जास्त घातक.

मी लेथवर काम करतो म्हणून तांत्रिक बाजू सांगतो. सप्रेसरला लिव्हर रायफल तर फार सोयीची. सेमी-ऑटोमध्ये बोल्ट आपोआप मागे जातो तेव्हा काजळी आणि वायू तोंडावर येतो. इथे तुम्ही लिव्हर ओढेपर्यंत सगळं कुलूपबंद. .४४ किंवा .४५-७० ला आवाजापेक्षा कमी वेगाची जड गोळी वापरली तर कडाडही नाही.

पण एक अडचण कुणी सांगत नाही. जुन्या रायफलीत मॅगझीनची नळी जवळजवळ तोंडापर्यंत येते. सप्रेसर जाड असतो, तो त्या नळीवर आपटतो. म्हणून कारखान्यातून आटे पाडून येणाऱ्या मॉडेलांत ती नळी मागे घेतलेली असते. लोक आजोबांची ९४ माझ्याकडे घेऊन येतात आणि म्हणतात, आटे पाडून दे. जुनी नळी तोंडाशी बारीक, वर माशीची खाच आणि पट्टी आडवी येते, आणि आटे नळीच्या भोकाशी तंतोतंत एकरेषेत नसतील तर गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना घासते. मी सरळ नाही म्हणतो. १९६४ च्या आधीच्या, जुन्या घडणीच्या ९४ ला कानस लावणाऱ्याशी माझं पटत नाही.

थोडक्यात, नव्या रायफलीवर जे हवं ते करा, जुनीला हात लावू नका. नवी रायफल कुणाचा वारसा नसते.

जुना_बाजार

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

तिरंदाज_बोईसी

धागाकर्त्यांना विचारतो, ‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं कुठल्या साली थांबायचं?

हायरम पर्सी मॅक्सिमने सायलेन्सरचं (सप्रेसरचंच जुनं नाव) पेटंट घेतलं १९०९ मध्ये. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या एका विंचेस्टर ९४ वर मॅक्सिमचा सायलेन्सर होता. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने अमेरिकेतला जुन्या वळणाचा शिकारी ओळखला जातो, त्याची ही करणी. सायलेन्सर विक्षिप्त आणि ‘टॅक्टिकल’ वाटायला लागला तो १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर बसवला म्हणून. तेव्हाच्या २०० डॉलरात कित्येक रायफली आल्या असत्या. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आलाय. नोंदणीचे कागद आणि बोटांचे ठसे मात्र आहेत तसेच. मधली नव्वद वर्षं सायलेन्सर रायफलींवर दिसला नाही तो करामुळे, आणि आपण त्यालाच परंपरा म्हणायचं?

नळीच्या मॅगझीनला पर्यायही तेव्हाच आला. विंचेस्टर १८९५ ला डब्याचं मॅगझीन होतं, हीच .४०५ मध्ये रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेला घेऊन गेला. सॅव्हेज ९९ मध्ये फिरकीचं मॅगझीन होतं, बाहेर घोडाच नव्हता. दोघींचं कारण एकच. नळीत काडतुसं एकामागे एक असतात, गोळी टोकदार असली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकतं आणि धक्क्याने नळीतच बार होऊ शकतो. म्हणून .३०-३० ला शंभर वर्षं चपट्या नाकाच्या गोळ्या, आणि चपट्या नाकाची गोळी हवेत लवकर दमते. २००० च्या दशकात हॉर्नाडीने मऊ रबरी टोकाची गोळी काढली तेव्हा हा प्रश्न सुटला. ती गोळी तुमच्या ९४ मध्ये भरता का हो, कार्बाइनराव? भरत असाल तर आधुनिकता तुमच्या नळीत आधीच शिरलीय.

स्कोपचंही तेच. मार्लिनची ३३६ १९४८ ची, रिकामं काडतूस बाजूने फेकते, माथा बंद. तिच्यावर पाऊणशे वर्षं लोक स्कोप लावतायत. विंचेस्टर वरून फेकायची म्हणून तिच्यावर बसत नव्हता, एवढंच. १९८० च्या दशकात विंचेस्टरनेही तिरपं फेकणारं मॉडेल काढलं, स्कोपसाठीच. विंचेस्टरवाल्यांनी आपल्या रायफलीच्या अडचणीलाच शास्त्र करून ठेवलंय.

कार्बाइन९४

तिरंदाज, तुम्ही मी न केलेल्या दाव्याला उत्तर देताय. मी साल धरलेलं नाही, पकड धरलीय. रबरी टोकाची गोळी भरतो, जरूर भरतो. पकडीला काही होत नाही. सॅव्हेज ९९ तर माझ्या मते आजवरची सगळ्यात अक्कलहुशारीची लिव्हर रायफल. स्टेनलेस पोलाद हवं, सिंथेटिक दस्ताही चालेल, पावसात अक्रोड फुगतं.

मला नको आहे ते वेगळंच. १९८० च्या दशकात मार्लिनने रिसिव्हरमधून आडवा सेफ्टीचा खटका घातला, १९९२ मध्ये विंचेस्टरनेही. वकिलांच्या भीतीने. घोड्याला अर्ध्यावर अडकवायची खाच आधीपासून होती. आता काय होतं? घोडा चढवला, नेम धरला, चाप ओढला, आणि ‘टक्’. खटका लावलेला राहिला होता. ही तक्रार प्रत्येक मार्लिनवाल्याकडे ऐकायला मिळते. विंचेस्टरने तो २००३ मध्ये निदान अंगठ्याखाली, दस्त्याच्या मानेवर हलवला. रूगरने मार्लिन विकत घेतल्यावर, इतकं सगळं सुधारलं तरी, तो आडवा खटका ठेवलाच.

टर्नर_मिलवॉकी

हेन्रीच्या उघड्या घोड्याच्या बऱ्याच मॉडेलांवर बाहेरचा खटका नाही, आत ट्रान्सफर बार आहे. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा फायरिंग पिनपर्यंत पोचतच नाही. हातमोज्यातून घोडा निसटला तरी बार होत नाही. हे आधुनिकच आहे, आणि तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या आडव्या खुंटीच्या भीतीवर हाच इलाज. यात तुमच्या पकडीला कुठे धक्का लागला?

आणि रूगरचं नाव निघालंच आहे तर. २००७ मध्ये रेमिंग्टनने मार्लिन घेतली, त्यानंतरच्या रायफलींना लोक ‘रेमलिन’ म्हणून हिणवायचे. दस्ता आणि पोलाद यांच्यात फट, नेम वाकडे. २०२० च्या दिवाळखोरीत रूगरने मार्लिन घेतली आणि २०२१ च्या अखेरीला नॉर्थ कॅरोलिनातून पहिली १८९५ बाहेर काढली. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापलेली, घट्ट बसणारी. तीही रेल आणि आटे असलेलीच होती. अशी रेलवाली मॉडेलं विकली जातात म्हणून अक्रोडाची ३३६ परत बाजारात आली. तुमच्या नावडत्या रायफली तुमच्या आवडत्या रायफलींचा खर्च भरतायत.

दंडकारण्य (नागपूर)

चर्चा वाचतोय. पण राव, ज्या देशात १९७२ पासून शिकारच बंद आहे तिथल्या मंडळींनी रायफलीच्या पट्ट्यावरून इतकं हमरीतुमरीवर यावं? मुका जीव मारायला रेड डॉट हवा की पीप, हा वाद मला तरी समजत नाही. वर्‍हाडात रानडुकरं कापूस-तुरीचा सत्यानाश करतात, त्याबद्दल बोला.

गुहागरी

दंडकारण्यभाऊ, धागा अमेरिकेतल्या शिकारीबद्दल आहे, तिथे ती कायदेशीर आहे आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं साधनही. १९३७ च्या कायद्याने तिथे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के उत्पादन कर आहे, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. म्हणजे वरची सगळी भांडखोर मंडळी जंगलाचा खर्च भरतात.

बाकी आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत. दारू, चिंध्या, छर्रे, गज. पावसात पेटली तर पेटली. तिला परंपरा म्हणून कुणी कवटाळून बसलेलं नाही, परवाना तिचाच मिळतो म्हणून ती आहे. रायफल हवी असेल तर भारतात सर्वसामान्याला बराच काळ ईशापूरची .३१५, बोल्टवाली. लिव्हर रायफल मी फोटोतच पाहिलीय. तेव्हा तुमच्या निवडीच्या चैनीचा हेवा वाटतो, एवढंच म्हणतो.

तिरंदाज_बोईसी

ठासणीवरून आठवलं. कार्बाइनरावांच्या राज्यातलंच उदाहरण आहे आणि त्यांनी ते सोयीस्कर गाळलंय. पेनसिल्वेनियात नाताळनंतर, २६ डिसेंबरला, हरणाचा एक खास हंगाम सुरू होतो. त्यात फक्त गारगोटीची, म्हणजे फ्लिंटलॉक, ठासणीची बंदूक चालते. दुर्बिणीचा नेम नाही. हजारो लोक हौसेने जातात. समाजाला एखादी परंपरा खरंच जपायची असली की ती नियमात लिहिली जाते. लिव्हर रायफलीसाठी असा हंगाम कुणी मागितलेला नाही. मुख्य हंगामात माझ्या शेजारी लांब पल्ल्याच्या .३०० मॅग्नमवर भली मोठी दुर्बीण लावून माणूस बसलेला असताना, माझ्याच ३३६ ने साधेपणा का पाळायचा?

कार्बाइन९४

गाळलं नव्हतं, विषय वेगळा होता. तरी बरं झालं काढलंत, कारण त्याच राज्यातली दुसरी गोष्ट माझ्या बाजूची आहे. पेनसिल्वेनियात हरणाला सेमी-ऑटो रायफल चालत नाही. म्हणून इथे दुसरा बार पटकन टाकायचा तर लिव्हर, नाहीतर रेमिंग्टनची पंप ७६०. आता बाँड आर्म्सवाले एआरचा वरचा भाग लिव्हरवर बसवतात तेव्हा ते शिकाऱ्याची कुठली गरज भागवतात? ती रायफल ज्या राज्यांत सेमी-ऑटोवर बंधनं आहेत तिथल्या गिऱ्हाइकासाठी आहे. असेल, त्यांचा धंदा. पण तिला लिव्हर-अ‍ॅक्शन शिकारी रायफलीचा पुढचा टप्पा म्हणून माझ्या गळ्यात मारू नका. खाली डबा आला, म्हणजे हात धरायची जागा गेली.

आणि मॅग्नमवाल्याचं म्हणाल तर तो त्याच्या रायफलीचं काम करतोय. .३०-३० चं काम दीडशे यार्डांच्या आत आहे, रबरी टोकाने फार तर दोनशेच्या थोडं पुढे. माझी खरी चिडचिड इथे आहे. रेल दिली की माणूस ३-९ चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) स्कोप लावतो, स्कोप लावला की अडीचशे यार्डांवरचं हरीण जवळ दिसतं, आणि तो बार टाकतो. गोळी तिथवर फूटभराच्या हिशोबाने खाली आलेली असते. जखमी जनावराचा मुद्दा वहिनींनी काढला म्हणून सांगतो, जनावरं जखमी होतात ती माशी न दिसल्याने जशी, तशी जास्त दिसल्यानेही.

वहिनी_कोलंबस

हा मुद्दा चांगला आहे, पण तो स्कोपविरुद्ध नाही, अडाणीपणाविरुद्ध आहे. माझा रेड डॉट काहीच मोठं करून दाखवत नाही. शंभर यार्डांपलीकडे हरीण मला नुसत्या डोळ्याइतकंच लहान दिसतं, तेव्हा तो मोह होतच नाही. तुमच्याच तर्काने पाहिलं तर रेड डॉट या रायफलीला सगळ्यात शोभणारा नेम ठरतो. काड्याच्या पेटीएवढा, दीड-दोन औंसांचा. रिसिव्हरच्या मागच्या टोकाला नीट बसवला तर तुमची ती लाडकी पकडही शाबूत राहते. घ्या आता.

कार्बाइन९४

बॅटरी संपली की?

वहिनी_कोलंबस

वर्षातून एकदा, वाढदिवसाला बदलायची. तुमचा चष्मा फुटला की?

तळकोकण_टू_अँकरेज

उशिरा आलो. तुम्ही सगळे हरणावर बोलताय. इथे अलास्कात .४५-७० ची छोटी नळीवाली रायफल मासे धरायला जातानासुद्धा सोबत असते, अस्वलासाठी. मार्लिनने १९९८ मध्ये ‘गाइड गन’ काढली ती याच गिऱ्हाइकासाठी. इथे स्टेनलेस आणि लॅमिनेट दस्ता ही चैन नाही. होडीत खारं पाणी उडतं, जुनं निळं पोलाद एका हंगामात तांबूस होतं. लिव्हरची कडी मोठी हवी, कारण हातमोजे जाड. हे नवे बदल सगळे इथल्या हवेने मागितलेले आहेत. पुढच्या खाचांवर दिवाही लावतो, हिवाळ्यात उजेड किती तास असतो ते येऊन बघा.

पण स्कोप नाही. तीस फुटांवर अस्वलाच्या केसाळ छातीपलीकडे त्यात काही दिसणार नाही. मोठ्या भोकाचा पीप, बस्स. म्हणजे मी दोन्ही पक्षांकडून अर्धा-अर्धा मार खाणार.

कार्बाइन९४

तुम्ही माझ्याच पक्षात आहात. दिव्यापुरते सोडून.

तळकोकण_टू_अँकरेज

नाही हो. दिव्याशिवाय मी तुमच्या पक्षात येत नाही.

नवशिक्या_पिट्सबर्ग

मधेच विचारतो, माफ करा. एच-१बी वर आहे. गेल्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एकाने हरणाचं मटण दिलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय. मला रायफल घेता येते का, आणि पहिली कुठली घ्यावी? इथलं वाचून गोंधळ वाढलाय.

टर्नर_मिलवॉकी

तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला एरवी मनाई आहे, पण कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी शिकारी प्रशिक्षणाचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की सूटही संपली, ते विसरू नका. कागदपत्रं वकिलाकडून एकदा बघून घ्या. सप्रेसरच्या भानगडीत सध्या पडू नका, कायद्याच्या लेखी तीही बंदूकच आहे.

रायफल: .३०-३० ची नवी मार्लिन ३३६, अक्रोडाची. माथ्याला भोकं पाडलेली येतात, पुढे वाटलं तर काहीही बसवता येईल.

कार्बाइन९४

तीच घ्या, आणि पहिला हंगाम भोकं रिकामी ठेवा. पीप लावा, पन्नास यार्डांवर उभं राहून, टेकू न घेता, पानभर कागदात पाचही गोळ्या बसेपर्यंत सराव करा.

वहिनी_कोलंबस

काही रिकामी ठेवू नका. पहिल्या हंगामात हात थरथरतात, हरीण पाच सेकंद उभं राहतं आणि उजेड नसतो. पहिल्याच दिवशी रेड डॉट लावा, पीप शिकायला अख्खा उन्हाळा आहे. ऑफिसमधल्या त्या माणसाला सोबत घेऊन रेंजवर जा, त्याची रायफल आधी झाडून बघा, आणि दुकानात रिसिव्हरला पकड घालून चार पावलं चाला. त्या एका बाबतीत यांचं ऐकायला हरकत नाही.

कार्बाइन९४

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.